यंत्रं बंद करा, आवाजावर बोलायचंय

‘ठण्ण’ या माहितीपटाला सर्वोत्कृष्ट ध्वनीचं पारितोषिक मिळालं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि ध्वनिवाल्याच्या हातात काचेचा एक मोठा कान देण्यात आला. हे आपण वाचलंच नाही असं धरून पुढे जायचं आहे. ध्वनिवाल्याच्या घरी तरी तसंच धरून चालतात. काचेचा कान कपाटावर असतो, त्यावर रुमाल वाळत असतात, आणि आल्यागेल्याने ‘हे काय?’ असं विचारलं तर ध्वनिवाल्याची आई सांगते, ‘‘रुमालाचं स्टँड आहे. जरा महाग पडलं.’’

तर पारितोषिक वगैरे काही मिळालेलं नाही. माहितीपट अजून सुचलेलाही नाही. ध्वनिवाला अजून गाद्यांच्या जाहिरातींसाठी माणूस गादीवर पडल्याचा आवाज मुद्रित करून पोट भरतो आहे. (गादीवर माणूस पडला की खरं तर आवाज होत नाही. तो पिठाच्या पोत्यावर पोतं टाकून करावा लागतो. सत्याशी त्याचे संबंध धंद्यापुरते होते, ते असे.)

त्याची आई डब्यांच्या कारखान्यात होती, प्रेस विभागात. सपाट पत्रा आत जायचा, वरून लोखंडी ठोकळा यायचा, ठण्ण व्हायचं, आणि पलीकडून डब्याचं झाकण बाहेर पडायचं. असे ठोकळे भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीने होते आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नसल्यासारखे ते कधीच एकत्र पडत नसत. त्या विभागात नव्या बाईला पहिला आठवडा डोकेदुखी, दुसरा आठवडा चिडचिड, आणि मग हळूहळू खूप बरं वाटू लागे. बरं वाटू लागलं की जुन्या बाया समजायच्या, हिचा कान गेला.

बोलणं तिथे तोंडाने होत नसे, म्हणजे तोंड हलायचं, पण ऐकण्यासाठी नाही, बघण्यासाठी. सगळ्या बाया एकमेकींचे ओठ वाचायच्या, आणि जे ओठांत मावत नाही त्यासाठी हाताच्या खुणा होत्या. केसांवरून कंगव्यासारखा हात फिरवला की मॅनेजर आला. गालाखाली हात धरला की अमकी कंटाळली. आणि दोन्ही हातांनी डब्याचा गोल करून त्यात फुंकर मारली की ‘रिकामा डबा’. ही खूण माणसांसाठी होती. तिचा अर्थ सविस्तर सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतोच.

आईचा डावा कान केव्हाच गेला होता. उरला होता उजवा, तोही अर्धामुर्धा. त्यामुळे एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायची सोय तिला राहिली नव्हती. जे आत जाईल ते आतच राहायचं. घरात टीव्ही ती एवढा मोठा लावायची की खालचे भाडेकरू झाडूचा दांडा छताला ठोकायचे. तो ठोका तिला तळपायाला कळायचा. मग ती जमिनीकडे बघून मोठ्याने म्हणायची, ‘‘कमी केला हो!’’ आणि कमी करायची नाही, कारण तिला वाटायचं आधीच कमी आहे.

उजवा कान तिला एकाच कामासाठी हवा होता. दर रविवारी सकाळी मावशीचा, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, फोन यायचा आणि दोघी भांडायच्या. भांडण त्यांच्या आईच्या शिवणयंत्राचं होतं. ते यंत्र थोरलीला मिळायला हवं होतं की धाकटीला, हा प्रश्न त्यांच्या लग्नांआधीपासून चर्चेत होता. यंत्र मावशीकडे होतं, गंजलं होतं, आणि त्याला चाक नव्हतं. फोनवर माणसाचे ओठ दिसत नाहीत. म्हणून कान हवा.

‘‘भांडण ऐकूच आलं नाही तर उत्तर काय देणार?’’ आई म्हणायची. ‘‘आणि उत्तर दिलं नाही तर तिला वाटेल मी यंत्र सोडलं.’’

कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासून कागदावर लिहून दिलं आणि तोंडानेही सांगितलं, ‘‘आवाजातून बाहेर पडा. नाहीतर हाही जाईल.’’ कारखान्यात एक पॅकिंगची खोली होती. तिथे डब्यांवर लेबलं चिकटवायची असत, आणि लेबल कितीही रागाने चिकटवलं तरी आवाज होत नाही. आईने तिथे बदली मागितली. कंपनीचं उत्तर आलं की बदली देता येईल, मात्र प्रेस विभागात अपायकारक आवाज आहे हे कामगार आरोग्य समितीपुढे पुरावा देऊन सिद्ध करावं लागेल.

‘‘म्हणजे प्रेसचं दार उघडायचं ना?’’ आई म्हणाली.

‘‘दार उघडणं पुराव्यात धरत नाहीत,’’ ध्वनिवाला म्हणाला. आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला. दिवे लागतात तेव्हा माणसाने मुख्य बटण बंद करून झोपावं, पण हे नंतर कळतं.

दिवा असा होता की त्याच्या ओळखीत एक दिग्दर्शिका होती. ती समाजाला जागं करणारे माहितीपट काढायची. कर्मचारी तिला ‘मॅडम’ म्हणत. ती म्हणायची, ‘‘मला मॅडम म्हणू नका,’’ आणि ते म्हणत, ‘‘बरं मॅडम.’’ तिने फुटपाथवर एक माहितीपट काढला होता, त्यानंतर लोक फुटपाथकडे बघून चालू लागले. म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर काढला होता, तो बघून लोक इतके हलले की कितीतरी जणांनी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्याची लिंक पाठवली. सध्या तिच्याकडे विषय नव्हता.

‘‘आवाज,’’ ध्वनिवाला म्हणाला. ‘‘बायकांचे कान जाताहेत मॅडम. देशाने ऐकलं पाहिजे.’’

दिग्दर्शिकेने डोळे मिटले. ‘‘आवाज,’’ ती म्हणाली. ‘‘किती दृश्य आहे हे.’’

मॅनेजरने परवानगी लगेच दिली. तो एक नीटनेटका, हसतमुख, सारखा केसांवरून हात फिरवणारा गृहस्थ होता. ‘‘या की,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. आणि असलं तरी ऐकू येणार नाही.’’

पहिल्या दिवशी ध्वनिवाल्याने कानांवर हेडफोन चढवले, लांब काठीवरचा माइक आईच्या डोक्यावर धरला आणि मुद्रण सुरू केलं. यंत्राचा काटा लाल रेघेवर गेला आणि तिथेच पडून राहिला, लग्नाच्या जेवणानंतर काका पडतात तसा. दिग्दर्शिकेने ओरडून प्रश्न विचारला. आईने ओठ वाचून ओरडून उत्तर दिलं. मुद्रणात दोन्ही जागी ‘ठण्ण’ आलं. पुन्हा घेतलं. प्रश्न ‘ठण्ण’, उत्तर ‘ठण्ण’. विषयाच्या दृष्टीने इतका नेमका संवाद त्या माहितीपटात पुढे आला नाही, पण तो ताबडतोब पुसण्यात आला.

दिग्दर्शिका वैतागली. तिने मॅनेजरला खुणेने बाहेर बोलावलं.

‘‘जरा यंत्रं बंद कराल का? आम्हाला आवाजावर बोलायचंय. या आवाजात कसं बोलणार?’’

मॅनेजरने केसांवरून हात फिरवला. दारातून बघणाऱ्या आतल्या बायांना वाटलं, तो स्वतःच स्वतः आल्याचं सांगतोय. ‘‘अगदी बरोबर,’’ तो म्हणाला. ‘‘किती वेळ बंद ठेवू? सावकाश होऊ द्या तुमचं.’’

यंत्रं थांबली. त्या विभागात अशी शांतता कोणी पाहिली नव्हती. एक बाई दिवे गेले म्हणून पिशवी भरू लागली. दुसरी घाबरून म्हणाली, ‘‘कोण गेलं?’’ आणि ते एवढ्या मोठ्याने म्हणाली की कॅमेरावाल्याच्या हातून भिंग पडलं. आईही ओरडूनच बोलत होती, कारण ती घरीदारी ओरडूनच बोलायची. भाजीवाला तिला घाबरायचा.

‘‘आई,’’ दिग्दर्शिका तिच्यासमोर बसून म्हणाली, ‘‘हळू बोला. अजून हळू. मनातलं बोलतोय असं.’’ आणि तिने हाताचा तळवा खाली खाली नेला. आईने तळव्याकडे बघत आवाज खाली खाली नेला. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, तेव्हा तळवा थांबला तिथे ती थांबली.

‘‘सगळं ठीकच आहे हो,’’ आई म्हणाली. ‘‘आवाज आहे, पण सवय होते. सवय झाली की कान जातो. कान गेला की आवाज जातो. म्हणजे शेवटी सगळं शांतच.’’

ध्वनिवाला हलला नाही. हेडफोनमध्ये एक बाई बोलत होती आणि ती त्याची आई होती. आयुष्यभर तिने त्याला ओरडून उठवलं होतं, ओरडून जेवायला घातलं होतं, ताप आला तेव्हा ‘‘बरं वाटतंय का रे?’’ हेसुद्धा ओरडूनच विचारलं होतं. तिच्या आत असा एक बारीक, किंचित घोगरा, धुतलेल्या कपड्यासारखा मऊ आवाज ठेवलेला आहे, याची घरात कोणालाही कल्पना नव्हती. तिला स्वतःलाही नव्हती.

त्याच वेळी त्याच्या मनात स्वच्छपणे असंही आलं की मॅडम, हे चुकतंय, आपण गोंगाटावर सिनेमा काढतोय आणि इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. वाक्य जिभेवर तयार होतं. त्याने हात वर केला.

‘‘काय?’’ दिग्दर्शिका म्हणाली. ‘‘काही अडचण?’’

‘‘नाही,’’ ध्वनिवाला म्हणाला. ‘‘परत एकदा घेऊ या. फार सुंदर आलंय.’’

मागे उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने दोन्ही हातांचा गोल केला आणि त्यात फुंकर मारली. खूण कोणासाठी होती ते त्याने विचारलं नाही. दिग्दर्शिकेला ती फार आवडली. तिने ती माहितीपटाच्या पोस्टरवर घेतली.

यंत्रं चालू असतानाची दृश्यं नंतर वेगळी घेतली आणि कापून आईच्या बोलण्याच्या मध्ये मध्ये बसवली. वाहिनीवाल्यांनी कळवलं की एवढा आवाज त्यांच्या नियमात बसत नाही, प्रेक्षकांच्या टीव्हीला इजा होऊ शकते. टीव्हीला इजा होणं बरं नव्हे. म्हणून ठोकळ्यांचा आवाज काढून त्या जागी व्हायोलिन टाकण्यात आलं. प्रचंड लोखंडी ठोकळे व्हायोलिनच्या तालावर हळुवार खाली येत, पत्र्याला स्पर्श करत, वर जात. आणि त्यावर आईचा तो मऊ आवाज, ‘‘सगळं ठीकच आहे हो.’’ कॅमेरावाला पाहताना रडला. ध्वनिवालाही रडला, पण त्याचं कारण थोडं मिश्र होतं.

पहिला खेळ कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत झाला, बायांसाठी. थोड्या वेळाने त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली.

‘‘आवाज कुठाय?’’ एकीने ओरडून विचारलं.

‘‘चालू आहे,’’ ध्वनिवाला ओरडला.

‘‘चालू असता तर खुर्ची हलली असती!’’

मग त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटपर्यंत वाढवला. व्हायोलिनने खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि मॅनेजर कान दाबून बाहेर पळाला. त्या इमारतीत आवाजाचा त्रास त्याला पहिल्यांदाच झाला होता.

पडद्यावर आई बोलताना बघून शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. ‘‘तू कुजबुजतेस कशाला गं? काही चोरलंयस का?’’

‘‘त्यांनी सांगितलं हळू बोल.’’

‘‘आणि तू ऐकलंस?’’

‘‘ऐकलं कुठलं,’’ आई म्हणाली. ‘‘बघितलं.’’

घरी जाताना तिने लेकाला विचारलं, ‘‘बाळ्या, आता होईल ना पॅकिंगची बदली?’’

‘‘होईल,’’ तो म्हणाला. ‘‘आता देश जागा होईल.’’

आणि देश खरोखर जागा झाला, याबद्दल वाद नको. ‘ठण्ण’ जिथे जिथे दाखवला तिथे तिथे लोक थक्क झाले. इतकी शांत वेदना त्यांनी पाहिली नव्हती. लोकांना आवाज या गोष्टीची जाणीव झाली. त्यांनी शेजाऱ्यांच्या मिक्सरबद्दल तक्रारी केल्या. शाळांमध्ये मुलांना एक तास गप्प बसवण्यात आलं, तो उपक्रम शिक्षकांनी स्वखुशीने पुढे चालू ठेवला. ओठांवर बोट ठेवलेले फोटो टाकण्याची मोहीम निघाली. नट्या, खेळाडू, एक दंतवैद्य, सगळ्यांनी टाकले. चौकाचौकात माणसं ‘ठण्ण’साठी मिनिटभर मूक उभी राहिली. कारखान्यातल्या बायांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि त्यांना वाटलं, कोणीतरी मोठा माणूस वारला.

नगरपालिकाही हलली. ती हलते तेव्हा फलक लागतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर भला मोठा निळा फलक लागला, ‘शांतता क्षेत्र. हॉर्न वाजवू नये.’ आता पत्रा घेऊन येणारा ट्रक फाटकाशी मुकाट्याने उभा राहायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, आत यायचा आणि पहारेकऱ्याच्या खांद्यावर हळूच थोपटायचा. आत ठण्ण चालूच होतं. रस्त्याला मात्र फार आराम पडला.

आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, बघा काय आश्चर्य, माहितीपटाला सर्वोत्कृष्ट ध्वनीचं पारितोषिक जाहीर झालं. परीक्षकांनी म्हटलं होतं, ‘गोंगाटाचा इतका नितळ अनुभव विरळा.’ ध्वनिवाला व्यासपीठावर गेला, काचेचा कान घेतला, आणि खाली येऊन रडवेला होऊन दिग्दर्शिकेला म्हणाला, ‘‘मॅडम, त्यात गोंगाट नाहीये हो.’’

‘‘तेच तर,’’ दिग्दर्शिका म्हणाली. ती आधीच पुढच्या विषयात होती. अंधारावर काढत होती, दिव्यांची जुळवाजुळव चालू होती.

समितीची सुनावणी लागली. एका गालिचा घातलेल्या खोलीत, जाड पडदे सोडून. खिडकीबाहेर झाडाचं पान पडलं तरी ते लाजून पडावं असं तिथलं वातावरण होतं. मध्ये अध्यक्ष बसले होते, स्वभावाने अतिशय सभ्य आणि आवाजाने त्याहून. बाजूला दोन सदस्य होते, ते मान हलवायला. ध्वनिवाल्याने माहितीपट पुरावा म्हणून आणला होता. गंमत म्हणजे मॅनेजरनेही तोच आणला होता.

मॅनेजरने तो लावला आणि एका ठिकाणी थांबवला. ‘‘पाहा साहेब. प्रेस विभाग. ही यंत्रं. हा ठोकळा खाली येतोय. आणि या आमच्या बाई, किती हलक्या आवाजात बोलतायत. गोंगाट असता तर त्या ओरडल्या नसत्या का? आणि हे आम्ही नाही मुद्रित केलं. हे बाईंच्या स्वतःच्या चिरंजीवांनी केलंय. आणि त्याला ध्वनीचं राष्ट्रीय पातळीवरचं पारितोषिक आहे.’’

अध्यक्षांनी ध्वनिवाल्याकडे आदराने पाहिलं. ‘‘अभिनंदन.’’

‘‘साहेब, बोलताना यंत्रं बंद केली होती,’’ ध्वनिवाला म्हणाला.

‘‘पण चित्रात चालू दिसतायत.’’

‘‘ते नंतर जोडलं.’’

‘‘म्हणजे चित्र खोटं?’’

‘‘नाही, चित्र खरंय. आवाज खोटाय.’’

‘‘ज्याला पारितोषिक मिळालं तो?’’

‘‘हो.’’

‘‘मग गोंगाटाचा खरा आवाज कुठे आहे?’’

‘‘तो पुसला. नीट ऐकू येत नव्हता.’’

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी माना हलवल्या. ‘‘म्हणजे असं,’’ अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले, ‘‘की माहितीपट खरा असेल तर आवाज नाही. आणि खोटा असेल तर आवाजाचा पुरावा नाही. बरोबर समजलो ना मी?’’

ध्वनिवाल्याला आपण पिठाच्या पोत्यावर पडल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी आईला समोर बोलावलं. डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे होता, पण त्यात कान किती गेला ते होतं, कशाने गेला ते नव्हतं. अध्यक्ष आपल्या नेहमीच्या, म्हणजे जवळजवळ नसलेल्या आवाजात तिला एकेक विचारू लागले. नाव, विभाग, किती वर्षं, त्रास काय. आणि इथे आईने घात केला. ओठ वाचायला अध्यक्षांइतका सोपा माणूस तिला जन्मात भेटला नव्हता. मिशा नाहीत, पान नाही, घाई नाही, प्रत्येक अक्षर ओठांवर मांडून ठेवलेलं. कोटातल्या माणसापुढे आपली फजिती होऊ द्यायची नाही, या एकाच जिद्दीने तिने सगळ्या प्रश्नांची फटाफट उत्तरं दिली. बाजूला बसलेल्या एका सदस्याने दुसऱ्याला हळूच काही विचारलं तर त्याचंही उत्तर देऊन टाकलं. ‘‘जेवणाची सुट्टी एक वाजता असते असं बाहेर लिहिलंय,’’ ती म्हणाली.

ध्वनिवाला मागून खुणा करत होता. चूक, थांब, नको. तिचं लक्ष अध्यक्षांच्या ओठांवर होतं.

‘‘बाई,’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘उजव्या कानाला जास्त ताण पडेल असं घरी काही करता का?’’

‘‘छे.’’

‘‘फोनवर बोलता?’’

‘‘रविवारी. बहिणीशी.’’

‘‘मोठ्याने बोलते ती?’’

‘‘मोठ्याने?’’ आईला हा विषय जिव्हाळ्याचा होता. ‘‘साहेब, ती बोलते तेव्हा फोन नसता तरी चाललं असतं. पहिल्यापासून तसलीच आहे. यंत्र माझं असताना...’’ आणि तिने शिवणयंत्राचं सगळं प्रकरण मुळापासून सांगितलं. समितीने ते तन्मयतेने ऐकलं. एक सदस्य तर विचारता झाला, ‘‘चाक कुठे गेलं?’’

निर्णय पोस्टाने आला. त्यात म्हटलं होतं की अर्जदार बाईंना समितीचे सर्व प्रश्न, तसेच न विचारलेलेही, उत्तम ऐकू आले. प्रेस विभागातील आवाज सिद्ध होत नाही. बदलीची गरज दिसत नाही. तथापि उजव्या कानाबाबत समिती चिंतित असून, अर्जदारांच्या भगिनींना सौम्य आवाजात बोलण्याविषयी स्वतंत्र नोटीस देण्यात येत आहे.

आईने कागद वाचला, घडी केली, आणि लेकाकडे बघून दोन्ही हातांचा गोल करून फुंकर मारली. या वेळी कोणासाठी ते त्याने विचारलं.

‘‘वाटून घ्या,’’ आई म्हणाली. ‘‘समितीला पण पुरेल.’’

मग रविवार आला. टेबलावर फोन थरथरला तसा आईने तो हाताला जाणवल्याबरोबर उचलला आणि उजव्या कानाला लावला. मोर्चा सुरू करताना लावतात तसा आवाज लावला. ‘‘बोल! काय म्हणणं आहे तुझं?’’

पलीकडून काही आलं असावं. आईने फोन कानावर दाबला. ‘‘काय?’’ तिने विचारलं. मग दुसऱ्या बाजूने दाबला, उगाच, त्या बाजूला काही नव्हतं. ‘‘मोठ्याने बोल ना गं!’’

ध्वनिवाल्याने फोन घेतला. मावशी कुजबुजत होती. मावशी जगात कोणाला भीत नसे, नवऱ्याला नाही, कुत्र्याला नाही, पण शिक्का मारलेल्या कागदाला भ्यायची.

‘‘बाळ्या,’’ मावशी श्वासात म्हणाली, ‘‘मला नोटीस आलीये रे. तिला सांग, यंत्र माझंच आहे. पण हळू सांग.’’

‘‘काय म्हणते?’’ आई ओरडली.

‘‘म्हणते यंत्र तिचंच आहे.’’

‘‘हे ती म्हणाली? की तू आपल्या मनाने सांगतोयस?’’

त्याने शपथ घेतली. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं भांडण आईला भांडण वाटेना. तिने फोन परत घेतला आणि नुसता कानाला धरून बसली, पलीकडची बोलत असेल तर बोलू दे म्हणून. थोड्या वेळाने तिने कधी नव्हे ते हळूच विचारलं, ‘‘आहेस ना गं?’’

तोच तो आवाज होता. बारीक, किंचित घोगरा. ध्वनिवाल्याच्या हातात माइक नव्हता, आणि असता तर त्याने तो खिडकीबाहेर फेकला असता. निदान तसं त्याला वाटलं. खाली सायकली होत्या कोणाच्यातरी, तेव्हा फेकला नसता.

‘‘बस,’’ आई फोन ठेवून म्हणाली, पुन्हा आपल्या आवाजात. खालून दांडा ठोकला गेला. ‘‘कमी केला हो! बाळ्या, कागद घे. तुझ्या सिनेमाने नाही होत ते. मी सांगते तसं लिही. आणि भाषा त्यांचीच वापर, नाहीतर त्यांना ऐकू येत नाही.’’

त्याने लिहिलं. आईने वाचलं, दोन ठिकाणी ‘कृपया’ काढायला लावलं, एक परत घालायला लावलं, आणि खाली सही केली. अर्ज समितीकडे रीतसर पोचला असून त्यावर पोच मिळालेली आहे. तो असा:

‘मा. अध्यक्ष, कामगार आरोग्य समिती यांस.

विषय: फेरसुनावणीच्या स्थळाबाबत.

महोदय, समितीचा निर्णय वाचला. त्यात आवाज सिद्ध होत नाही असे म्हटले आहे. तरी विनंती की सदर प्रकरणाची फेरसुनावणी प्रेस विभागात, कामाच्या वेळेत, सर्व यंत्रे चालू ठेवून घेण्यात यावी. माननीय सदस्यांनी कानांत कापूस घालू नये. प्रश्न नेहमीच्याच सौम्य आवाजात विचारावेत. अर्जदार बाई समितीकडे पाठ करून उभ्या राहतील. माझ्या बहिणीस दिलेली नोटीस तोवर स्थगित ठेवावी व तिला सुनावणीस हजर राहून वाटेल तितक्या मोठ्याने बोलण्याची मुभा असावी. शेवटी अध्यक्षांनी आपला निर्णय त्याच ठिकाणी, यंत्रे बंद न करता, एकदाच वाचून दाखवावा. त्यातले जे ऐकू येईल ते अर्जदारास मान्य राहील.’